हलतंय का?

पटेल मॅडमच्या लॅबच्या दारावर हातानं रंगवलेली एक पाटी होती. 'नमुना गरम असतानाच आणावा. थंड झालेला परत पाठवण्यात येईल.' लातुरात नवीन आलेला माणूस ती वाचून जरा थबकायचा. आत भजी मिळतात की काय, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर मला माझ्या स्टुडिओतून स्वच्छ दिसायची. मग तो वरची मोठी अक्षरं वाचायचा, त्यातलं 'पॅथॉलॉजी' कळलं की मान खाली घालून पुढं जायचा.

माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या लॅबला लागून होता. मधे एकच भिंत आणि तीही पातळ. मी गिऱ्हाइकाला "हनुवटी वर करा, डोळे मिटू नका" सांगायचो ते त्यांना ऐकू जायचं. त्या पेशंटला झापायच्या ते मला ऐकू यायचं.

"हे कवाचं हाय?"

"सकाळचंच की मॅडम."

"सकाळी कोंबडा आरवला तवाचं का? हे गार पडलंय. ह्यातले समदे मेले. मेलेल्यांची ओळख पटवायला मी काय पोलीस हाय? जा, मागं सोय हाय, ताजं घेऊन या."

मागं खरंच सोय होती. लॅब बांधताना त्यांनी आधी संडास बांधला आणि मग खोली. आमच्या गल्लीतला तो सगळ्यात स्वच्छ संडास. बाजारला आलेल्या बायका निव्वळ तेवढ्यासाठी त्यांच्या लॅबमध्ये यायच्या आणि मॅडम त्यांना कधी अडवायच्या नाहीत.

डॉक्टर मेहरुन्निसा पटेल हे त्यांचं पूर्ण नाव. उंच, काटकुळ्या, नेहमी सुती साडीत. मशिदीतून अजान सुरू झाली की पदर डोक्यावर जायचा, संपली की खाली यायचा, आणि या सगळ्यात त्यांचा डोळा मायक्रोस्कोपवरून हलायचा नाही. मायक्रोस्कोप एका डोळ्याचा, जुना, पितळी होता. बघताना दुसरा डोळा मिटायचा नाही, हा त्यांचा नियम. उजव्या डोळ्यानं त्या काचेवरचा थेंब बघायच्या आणि डाव्या डोळ्यानं समोरच्या माणसाला. त्यामुळं बोलणं चालूच राहायचं. नवख्याला वाटायचं, बाईंचं आपल्याकडं लक्ष नाही. तो हळूच घड्याळ बघायला गेला की त्या म्हणायच्या, "घड्याळ नका बघू. झालंच."

गरम नमुन्याचा हट्ट का, हे त्यांनी मला एकदा समजावलं होतं. हगवणीचा अमीबा थंड पडला की गोल होऊन बसतो. पुवाच्या पेशी तशाच गोल. कोण चोर आणि कोण शिपाई ते कळत नाही. पण ऊब असली की तो चालायला लागतो. अंगाचा एक भाग पुढं काढतो, मग आतलं सगळं त्या भागात ओततो, की झाला तेवढा पुढं. ना पाय, ना पंख. "चाललेला बघितला की संपलं," त्या म्हणायच्या. "मग वाद न्हाई." हिवाळ्यात काच गार पडली, तर त्यांच्याकडं निजामाच्या काळातला तांब्याचा एक पैसा होता. तो चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा आणि काचेवर थेंबाच्या शेजारी ठेवायचा. थोड्या वेळानं डोळा लावत त्या स्वतःशीच विचारायच्या, "हलतंय का?"

दुसरा एक जंतू, जिआर्डिया, त्यांचा लाडका होता. तो पाण्यात पिंपळाच्या गळत्या पानासारखा गिरक्या घेत जायचा. त्या तो तळहातानं करून दाखवायच्या, हात या कुशीवरून त्या कुशीवर झुलवत खाली आणायच्या. डबक्यातला पॅरामेशियम म्हणजे चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर केस. तो कशाला धडकला की मागं सरतो, थोडा वळतो, पुन्हा पुढं जातो, पुन्हा धडकतो. नगरपालिकेतला एक कारकून लायसन्सच्या कामाला असाच खेपा घालायला लावायचा. माझं नाव बसू. मी वैतागून आलो की त्या म्हणायच्या, "बसू, आपन पॅरामेशियम व्हायचं. जरा वळायचं अन् परत जायचं. कुठंतरी वाट सापडतीच."

त्यांचे साहेब नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवायचे. दर शनिवारी मॅडम संध्याकाळची नांदेड गाडी धरायच्या आणि सोमवारी सकाळी परत यायच्या. नवरा-बायको एका गावात का राहत नाहीत, असं लोक विचारायचे. "त्यांचे मेलेले राजे नांदेडात हायेत, माझे जिवंत जंतू लातुरात," एवढं उत्तर ठरलेलं होतं.

भूकंप झाला तेव्हा माझ्या स्टुडिओच्या मागच्या भिंतीला तडा गेला, बाकी काही झालं नाही. मधल्या पातळ भिंतीलाही नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पण किल्लारीकडच्या बातम्या दिवस वर आला तशा यायला लागल्या. मला सरकारी कामासाठी फोटो काढायला बोलावलं गेलं. मी काय काय काढलं ते सांगत नाही. ज्यांना ओळख पटवायची होती त्यांना त्याचा उपयोग झाला, इतकंच.

आठवड्याभरानं औशाच्या पुढं, तंबूंच्या एका वस्तीत, मला मॅडम दिसल्या. जीपमधून आल्या होत्या. मायक्रोस्कोप गव्हाच्या पत्र्याच्या डब्यात, भोवती दुपट्टे कोंबलेले. वीज नव्हती. त्यांनी एका तंबूचा पडदा वर बांधला, टेबल उन्हात ओढलं आणि मायक्रोस्कोपच्या तळचा आरसा फिरवून सूर्य पकडला. तंबूंत लोकांना जुलाब सुरू झाले होते. बाहेरगावाहून आलेला एक तरुण डॉक्टर सगळ्यांना एकाच गोळ्या देत होता. त्याची चूक नव्हती, समोर रांग संपत नव्हती. मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्ही वाटत राहा. मी बघते."

दोन-तीन दिवस त्या बघत होत्या. एका ओळीतल्या तंबूंमध्ये अमीबा सापडत होता, बाकीच्यांत नाही. त्या ओळीला पाणी देणारा टँकर जिथं थांबायचा, त्याच्या वरच्या अंगालाच माणसं परसाकडं बसत होती. मॅडमनी पुढाऱ्याला धरलं, इंजिनिअरला धरलं, शेवटी टँकरच्या ड्रायव्हरला धरलं. ड्रायव्हरनं काही न बोलता टँकर दुसरीकडं उभा केला. ते झाल्यावर ती ओळ हळूहळू शांत झाली.

तिथंच गोदाबाई भेटल्या. साठीच्या. त्यांच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं. त्या कुणाशी बोलत नव्हत्या. औषध पुढं केलं की तोंड फिरवायच्या. त्या काळात लांबून ट्रक गेला तरी माणसं एकमेकांना विचारायची, "हलतंय का?" गोदाबाई तेवढंही विचारायच्या नाहीत. मॅडमना वाटलं, बाईला दाखवलं तर पटेल, औषध घेईल. त्यांनी गोदाबाईंना हाताला धरून टेबलापाशी आणलं, डोळा कसा लावायचा ते दाखवलं.

गोदाबाई वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"ह्ये काय हाय?"

"तुमच्या पोटातला किडा हाय, मावशी. हा चालतोय बघा. गोळ्या घेतल्या की हा जाईल."

गोदाबाई सरळ झाल्या. त्यांनी मॅडमकडं बघितलं.

"माजी समदी गेली," त्या म्हणाल्या, "आन् ह्ये जित्तं ऱ्हायलं व्हय?"

मॅडमनी गोळ्यांची पुडी पुढं केली. गोदाबाईंनी गोळ्या मात्र घेतल्या, त्या दिवसापासून रोज घेतल्या. पण मॅडमनी त्यानंतर कुठल्याही पेशंटला त्याच्या स्वतःच्या अंगातलं काही दाखवलं नाही. कुणी हौसेनं "बघू का?" म्हणालं, की म्हणायच्या, "डबक्यातलं दाखवते. ते जास्त छान दिसतं."

नंतरच्या वर्षांत लातूर बदललं. कुणी ठरवून बदललं नाही. आधी एक-दोन क्लास होते. त्यांची पोरं बोर्डात आली, डॉक्टरकीला लागली, आणि मग महाराष्ट्रभरातून पोरं यायला लागली. घराघरांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या, गल्लीबोळात मेस निघाल्या. माझा धंदा पासपोर्ट फोटोंवर चालायला लागला. एका दिवसात इतकी पोरं बसायची की संध्याकाळी मला सगळी एकसारखी दिसायची. केस ओले करून विंचरलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मॅडमकडंही पोरंच. मेसचं खाणं, टाकीचं पाणी, नाहीतर परीक्षेच्या धास्तीनंच बिघडलेलं पोट. धास्तीचं पोट त्या काच न बघता ओळखायच्या आणि रिपोर्टऐवजी केळी खायला सांगायच्या.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठा क्लास होता. त्याला जोडून हॉस्टेल. त्याच्या संचालकांनी एकदा पालकांचा मेळावा घेतला. आपल्याकडं कसं प्रत्यक्ष शिकवतात हे दाखवायला त्यांना 'जिवंत अमीबा' हवा होता. ते मॅडमकडं आले. मॅडम लगेच हो म्हणाल्या. मी तेव्हा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं सुरू केलं होतं. मॅडमच्या डोक्यात आलं की माझा कॅमेरा मायक्रोस्कोपवर बसवायचा आणि टीव्हीवर दाखवायचं. मी पुठ्ठ्याची एक नळी करून ते जमवलं.

त्यांनी वाळकं गवत घालून डबक्याच्या पाण्याची एक बाटली मुरवत ठेवली होती. ती नेताना रिक्षातून उतरतानाच सटकली आणि फुटली. पालक येऊन बसलेले. मॅडम इकडंतिकडं बघत होत्या. मग त्यांनी शिपायाला पेला दिला आणि काहीतरी सांगून पाठवलं. तो पाणी घेऊन आला. त्यांनी थेंब काचेवर ठेवला.

टीव्हीवर एकदम गर्दी दिसली. पॅरामेशियम सरसर जात होते. एका कचऱ्याच्या कणाला घंटेसारखे काही जीव लांब देठांवर चिकटले होते. टेबलाला धक्का लागला की ते सगळे एकदम स्प्रिंगसारखे आखडायचे आणि मग सावकाश उलगडायचे. पालकांनी टाळ्या वाजवल्या. संचालक माईकवर म्हणाले, "बघा, आमच्याकडं पुस्तकातलं नाही, जिवंत शिक्षण असतं!"

औशाहून आलेली एक बाई पुढच्या रांगेत होती. तिनं विचारलं, "पन हे पानी कुठलं म्हणायचं, बाई?"

"इथलंच," मॅडम म्हणाल्या. "लेकरांच्या टाकीच्या तळचं."

मॅडमनी त्याच सुरात पुढं सांगितलं की यातला एकही जीव पोट बिघडवत नाही, घाबरू नका. पण यांना जगायला जो कुजका गाळ लागतो तो प्यायच्या टाकीत असायला नको. एवढं बोलून त्या खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी टाकी धुतली गेली. तिला झाकण आलं. संचालक काही महिने मॅडमना ओळख दाखवत नव्हते. मग एक दिवस त्यांनी स्वतःच्या मुलीचा नमुना पाठवला, गरम.

मी मॅडमना विचारलं होतं, "ते मुद्दाम केलं का?"

"बाटली खरंच फुटली. काचा तूच उचलल्यास ना?"

ते खरं होतं. त्यापुढचं मी विचारलं नाही.

विशालची गोष्ट त्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली. तो त्याच हॉस्टेलमध्ये होता. मुदखेडचा. वडील, नामदेवराव, तिथल्या जंक्शनवर पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. पोरगा हुशार होता. सुट्टीच्या बॅचला थांबला होता. एका दिवशी त्याचं डोकं दुखायला लागलं. मग ताप, उलट्या, मान ताठ. हॉस्पिटलात नेलं तोवर तो बरळत होता. डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं. ते गढूळ होतं. मेंदूज्वर म्हणून त्यांनी औषधं सुरू केली आणि पाणी मॅडमकडं पाठवलं. वॉर्डबॉयला मॅडमची सवय ठाऊक होती. तो नळी मुठीत धरून पळत आला.

भिंतीपलीकडं मॅडम नेहमीसारख्या बोलत होत्या. मग बोलणं थांबलं. मी मान वर केली तेवढ्यात स्टूल पडल्याचा आवाज आला आणि त्या दारात आल्या.

"बसू, कॅमेरा आण. जल्दी."

मी पुठ्ठ्याची नळी लावली, टेप सुरू केली. छोट्या पडद्यावर गोल गोल पेशी दिसत होत्या, खच पडल्यासारख्या. "त्या नको बघू, त्या आपल्याच फौजेच्या हायेत," मॅडम म्हणाल्या. "ही बघ." त्या पेशींमधून एक गोष्ट जात होती. गोगलगाईसारखी. पुढून एक बोथट फुगवटा निघायचा, आतलं सगळं त्यात ओतलं जायचं, पुन्हा दुसरा फुगवटा. घाई नाही, थांबणंही नाही. पलीकडं तसंच आणखी एक होतं.

"हा पोटातला अमीबा?" मी विचारलं.

"न्हाई. हा मोकळा असतो, कोमट पाण्यात. विहिरीत, तळ्यात. पिला तर काही होत न्हाई. नाकात पाणी गेलं, तर लाखात एखाद्याच्या डोक्यात जातो." त्यांचा आवाज सपाट होता. "मी पुस्तकात वाचला होता. असा समोर आज बघून राहिले."

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी टेप दोनदा बघितली. वाद घातला नाही. त्याला लागणारं औषध लातुरात नव्हतं. ते सोलापूरहून जीपनं मागवलं. ते पोचलं, दिलंही गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी विशाल गेला.

मॅडम त्या दिवशी लॅब बंद करून हॉस्टेलवर गेल्या. तो कुठल्या पाण्यात उतरला होता ते कळायला हवं होतं. आणखी कुणी उतरलं असलं, तर त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. संचालकांनी त्याच्या खोलीतल्या पोरांना उभं केलं. पोरांनी एका सुरात सांगितलं, आम्ही कुठंच गेलो नाही, विशाल अभ्यासच करत होता. हॉस्टेल सोडून जाणाऱ्याला घरी धाडायचा नियम होता.

मॅडमनी विहिरीचं नावच काढलं नाही. "कानात पाणी जाऊन कुणाचा कान दुखतोय का रे?" असं सहज विचारलं. एका पोराचा हात आपोआप कानाकडं गेला. मग तो रडायला लागला आणि सगळं बाहेर आलं. रविवारी दुपारी चौघं जण गावाबाहेरच्या एका शेतातल्या विहिरीवर गेले होते. पाणी तळाला गेलेलं, कोमट. विशाल सगळ्यात चांगला पोहणारा. त्यानं काठावरून सूर मारले होते, पुन्हा पुन्हा.

बाकीच्या तिघांना काही झालं नाही. मॅडम रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची मान वाकवून बघायच्या, धोका टळला असं वाटेपर्यंत.

पण तोवर गावात दुसरंच पसरलं होतं. पोरानं टेन्शननं काहीतरी खाल्लं, असं लोक बोलत होते. क्लासच्या गावात पोरगं गेलं की लोकांना आधी तेच सुचतं. संचालकांनी असं कुठं म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त नामदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "आजकाल पोरं लई मनाला लावून घेतात." तेवढं पुरेसं होतं.

तेराव्यानंतर नामदेवराव लातूरला आले. पोराची पेटी न्यायला. ती घेऊन परत जाताना मॅडमकडं आले. दारातच उभे राहिले. रेल्वेचा खाकी शर्ट, हातात पिशवी, पायाशी पेटी.

"मॅडम, मला खरं सांगा," ते म्हणाले. "मी त्याला रविवारी फोनवर लई बोललो होतो. टेस्टात मार्क कामून कमी पडले म्हून. म्हनलं, तुला तिथं मजा मारायला ठिवलंय का. लोकं म्हणून राहिले, त्यानं औषध खाल्लं. खाल्लं का त्यानं?"

"न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"डॉक्टर समदेच असं म्हणतेत. बापाला बरं वाटावं म्हून."

मॅडमनी त्यांना कागदावर काढून समजावायचा प्रयत्न केला. नाक, त्यामागचं हाड, मेंदू. ते मान हलवत होते, पण विश्वास बसत नव्हता. "दिसत न्हाई एवढ्या बारीक किड्यानं असा गडी जातो व्हय?" त्यांनी दोनदा विचारलं.

मॅडमनी कागद बाजूला सारला. मग त्यांनी मला हाक मारली. "बसू, ती टेप हाय ना?"

स्टुडिओत मी टीव्ही लावला. नामदेवराव फोटोसाठीच्या स्टुलावर बसले, मागं निळा पडदा. मॅडम उभ्याच राहिल्या. पडद्यावर तेच सुरू झालं. गोल पेशींचा खच, त्यातून चाललेलं ते एकटं. ते बघताना नामदेवरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ह्ये?"

"हौ भाऊ."

"हे त्याच्या डोक्यातलं?"

"हौ."

"म्हंजे त्यानं काही खाल्लं न्हाई."

"काहीसुद्धा न्हाई. विहिरीत पोहायला गेला होता. दोस्तांसंगं. लई मजेत होता म्हणे."

नामदेवरावांनी डोळे पुसले. मला वाटलं, झालं. पण ते पुन्हा पडद्याकडं बघायला लागले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पोहायला त्याला मीच शिकविलं. लहान होता. पाठीला डबा बांधून टाकला होता इहिरीत."

मॅडम त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसल्या. असं कुणासमोर बसलेलं त्यांना मी बघितलं नव्हतं.

"भाऊ, मी जिंदगीभर ह्यांनाच बघत आले," त्या म्हणाल्या. "पन त्या विहिरीच्या काठावर मी स्वतः उभी असते, तरी मला कळलं नसतं. पाणी तेच, तिघं वाचले, एक न्हाई. ह्याचा हिशोब मला येत न्हाई. पन पोहायला शिकवणं हा गुन्हा न्हाई. हे मी तुम्हाला लिहून द्यायला तयार हाय."

"लिहून काय करू," नामदेवराव म्हणाले. मग टोपी डोक्यावर घालत, "बोलला ते बस झालं."

त्यांनी ती टेप मागितली नाही. पेटी उचलली. मॅडम त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेल्या. पेटीची एक कडी त्यांनी धरली होती, दुसरी नामदेवरावांनी. संचालक वाटेत भेटले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "ह्या माणसाला जे सांगायचं ते आता समद्या गावासमोर सांगा. पोरगं पोहायला गेलं होतं, असं." संचालकांनी ते सांगितलं, नोटीस बोर्डावरही लावलं. त्यात त्यांच्या हॉस्टेलची शोभा नव्हती, तरी सांगितलं. त्यांना मी तेवढ्यासाठी मानतो.

त्यानंतर काही वर्षांनी नव्या लॅब आल्या. मशीनमध्ये नळी घातली की कागद बाहेर. नमुने गार पेटीत भरून लांब जायला लागले. मॅडमना त्याचा राग नव्हता. "मशीन माझ्यापेक्षा बरोबर मोजतं," त्या म्हणायच्या, "फक्त त्याला गंमत वाटत न्हाई." नांदेडात साहेबांची तब्येत ढासळली, तेव्हा त्यांनी लातूरची लॅब बंद केली. जाताना मला पाटी देऊ का म्हणाल्या. मी नको म्हणालो. फोटो स्टुडिओवर ती कशी दिसली असती?

मग बरीच वर्षं गाठ नव्हती. साहेब वारल्याचं कळलं, तेव्हा मी पत्र टाकलं. त्यांनी दोन ओळींचं उत्तर दिलं.

परवाच्या मे महिन्यात मुदखेडजवळच्या एका खेड्यात लग्नाची ऑर्डर होती. आता शूटिंग माझा मुलगा करतो, मी नुसता बरोबर असतो. जीप गावाबाहेर आली, तर रस्त्याच्या कडेच्या विहिरीवर पोरांचा गलका. वर कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसलेली, हातात उघडी छत्री. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

त्या पटेल मॅडमच होत्या. पाठ वाकली होती. विहिरीच्या कठड्याशी एक म्हातारा उघड्या अंगानं उभा होता. ते नामदेवराव होते, हे कळायला मला वेळ लागला. एका बारक्या पोराच्या पाठीला ते पत्र्याचा डबा बांधत होते. गाठ मारून झाली की ओढून बघत होते. त्यांच्या मागं दहा-बारा पोरं रांगेत उभी, ओलीचिंब, कुडकुडल्याचं सोंग करत. प्रत्येकाच्या नाकावर दोरीवर कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा होता. लाल, पिवळे, निळे.

मी जीपमधून उतरून हाक मारली. मॅडमनी छत्री जरा बाजूला केली, बघितलं, ओळखलं.

"बसू! ये, बस. नांदेडहून येते मी इथं उन्हाळ्यात. भाऊनं मधी पोहणंच सोडलं होतं. मग म्हणाले, पोरं तर विहिरीत पडणारच, शिकवायला कुणीतरी पायजे." त्यांचं लक्ष माझ्याकडं होतं आणि नव्हतंही. "चिमटे माझे हायेत. अर्धे पळवतात हरामखोर."

लग्नघरी उशीर होत होता. मी म्हणालो, परत येताना थांबतो. परत येताना अंधार झाला होता आणि विहिरीवर कुणी नव्हतं.

पण निघताना मी जीपमध्ये बसलो तेव्हा पाठीला डबा बांधलेला तो बारका कठड्यावर चढला होता. चिमट्यामुळं आवाज चेंबलेला. तो ओरडला, "मॅडम, मारू का उडी?"

"चिमटा बरोबर हाय का? हात लावून बघ," मॅडम म्हणाल्या.

त्यानं हात लावून बघितला. नामदेवराव आधीच पाण्यात उतरले होते आणि खालून दोन्ही हात वर करून उभे होते.

"हाय!"

"मग मार की," मॅडम म्हणाल्या.